खाली ओढलेला मोजा

आधी क्षमा मागतो, कारण लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. माझे वडील सुतार आहेत. तिफन, वखर, गाडीची चाकं, त्यांना जे सांगायचं असतं ते लाकडात सांगतात. दिवाळीला दारावर शुभ-लाभ लिहायचं तर आमच्याकडे शाळेतल्या मास्तरांना बोलवावं लागे. मी दुसरीत गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं, आणि आई शेजारणींना घेऊन ते बघायला उभी राहिली. घरातली लिहिण्याची परंपरा एवढीच. तेव्हा मी आज एम.ए.च्या वर्गात बसतो म्हणून मला लिहिता येतं, असं कृपा करून समजू नका.

पण हे मी तोंडाने कुणाला सांगू शकलेलो नाही. वडिलांना नाही. खोलीत सोबत राहणाऱ्या मित्राला नाही. काही वेळा जिभेवर आलं, आणि मी दुसरंच काहीतरी बोललो— परीक्षेचं, खानावळीच्या भाजीचं. तुम्हाला सांगतो आहे ते तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून. हेही भित्रेपणच, नाही का?

आधी सुपडूभाऊबद्दल सांगतो. माझ्याबद्दल लिहायला घेतलं की हात अडतो.

धुळ्यात आमच्या कॉलेजपासून जवळच एका शेठजींचं जिन होतं. कापसातली सरकी काढायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, त्या बाहेर पाठवायच्या. शेठचं घराणं मूळचं राजस्थानकडचं, पण ते स्वतः इथेच जन्मले, इथलीच भाषा बोलायचे. त्यांना हॉकीचं वेड होतं. स्वतः कधी मैदानात उतरले नव्हते. तरुणपणी कुठल्याशा छावणीत त्यांनी फौजी लोकांचे सामने पाहिले होते, आणि तेव्हापासून आपला एक संघ असावा असं त्यांच्या मनात होतं. तो त्यांनी काढला. त्यात जिनमधले दोघे-तिघे, पोस्टातला एक कारकून आणि बाकी आम्ही कॉलेजची मुलं.

सुपडूभाऊ जिनमध्ये हमाल होता. तिशीच्या आसपासचा. रुईची गाठ पाठीवर घेऊन तो ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचा तेव्हा फळी वाकायची, तो वाकायचा नाही. शेठने ते पाहिलं आणि त्याला आपल्या गोलसमोर फुलबॅकच्या जागेवर उभं केलं. खेळ त्याला येत नव्हता— कधीच आला नाही. आलेला चेंडू अडवायचा आणि जोरात पुढे घालवायचा, एवढंच शिकवलं होतं.

"या काठीले वाक कोनी दिन्हा रे?" पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं होतं. "सीधी रहाती ते काय बिघडतं?"

पण त्याला खेळण्यासाठी घेतलंच नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आमच्याकडच्या स्पर्धांना येणाऱ्या बहुतेक संघांत असा एखादा गडी असायचा. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी कोपर मारलं, घोट्यावर काठी घातली, तर त्याची परतफेड करणारा. शेठ त्याला 'फाटक' म्हणायचे. "आमचं फाटक बंद असलं की पुढची गाडी उभी," असं पाहुण्यांना सांगायचे आणि त्याच्या पाठीवर थाप मारायचे. सुपडूभाऊ हसायचा. त्याला ते आवडायचं की नाही, मी कधी विचारलं नाही.

त्याची मारायची पद्धत सांगतो, कारण पुढचं त्यावरच आहे. तो काठीने कुणाला बडवायचा नाही. तसं केलं तर अंपायर बाहेर काढतो. तो चेंडूच मारायचा. ज्याला दुखवायचं तो माणूस समोर आला की, आपल्या गोलसमोरून चेंडू बाहेर काढतोय अशा थाटात, अंगातली सगळी ताकद लावून फटका. चेंडू त्या माणसाच्या मांडीवर बसायचा. बघणाऱ्याला वाटायचं, बिचारा मध्ये आला. मांडीवर— फक्त मांडीवर. गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली.

"तठे मास ऱ्हास," तो म्हणायचा. "चार दिन लंगडस, मंग लगीनमा नाचाले मोकया."

आणि तो ज्याच्यासाठी मारायचा, तो खेळाडू मी होतो.

मी अंगाने बारीक होतो, पण चेंडू माझ्या काठीला चिकटून राहायचा. वडिलांनी बाभळीची वाकडी फांदी तासून मला पहिली काठी करून दिली होती. गावात बैलांच्या मधून, गाड्यांच्या चाकांमधून चेंडू काढत मी मोठा झालो. पुढच्या फळीत, इनसाइड राइटला मला घातलं आणि आमचा संघ जिंकायला लागला. जिंकायला लागला तसा मला मार बसायला लागला. चेंडू दुसरीकडे असताना, अंपायरची पाठ असताना.

सुपडूभाऊ माझ्यामागे लांब उभा असायचा. त्याचं लक्ष चेंडूवर. मला कुणी कधी मारलं हे त्याला दिसत नसे. म्हणून आमच्यात एक खूण ठरली होती. ती त्यानेच ठरवली. कुणी मारलं की मी डावा मोजा घोट्यापर्यंत खाली ओढायचा. तेवढंच. मोजा खाली दिसला की खेळ जरा थांबताच तो माझ्याजवळून जायचा, माझ्याकडे न बघता विचारायचा, "मारं का त्यानी तुले?" मी हो म्हणून मान हलवायची. मगच पुढचं.

हे विचारणं तो कधी चुकवत नसे. एकदा तर माझ्या नाकातून रक्त येत होतं, सगळ्या मैदानाला दिसत होतं, तरी तो आला आणि त्याने विचारलं. मुलं त्याची थट्टा करायची. पोस्टातला कारकून म्हणायचा, "फाटक, तू मारतो का अर्ज करतो रे?"

"इचारीसनच करना पडस भो," तो म्हणायचा. "एकदाव मारं का मंग परत लेता येत नही."

मला तेव्हा हे गमतीचं वाटायचं. आणि मोठेपणाचंही— खोटं कशाला बोलू? माझ्या मान हलवण्यावर एवढा मोठा माणूस थांबून राहतो, याचा एक माज होता मला.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, ती बाकीच्यांना नव्हती. सामन्याआधी सुपडूभाऊ ओकायचा. गाठींच्या शेडमागे जाऊन, भिंतीला हात टेकून. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा मला वाटलं ऊन लागलं. त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "गाठ उचलाले माले काही वाटत नही रे कॉलेज. हाई काम करानं म्हनजे पोटमा कालवस." तो मला 'कॉलेज' म्हणायचा. लाडाने. त्याचं गाव आमच्या गावापासून दोन कोसांवर. माझ्या वडिलांनी केलेली गाडी त्याच्या सासऱ्याकडे होती, आणि एवढ्यावरून त्याने मला आपलं मानलं होतं.

सामना झाला की मी त्याच्याकडे जेवायला. वहिनी वरण-बट्टी करायची. ज्या दिवशी त्याने कुणाला मारलेलं असे त्या दिवशी तो कमी जेवायचा, हे तिलाही कळायचं. एकदा तो हात धुवायला बाहेर गेला तेव्हा ती मला म्हणाली, "तू शिकेल शे भो. हाऊ येडा शे. कोनी सांगं का करस. याच्यावर ध्यान ठेवजो."

"ठेवतो वहिनी," मी म्हणालो.

आता भुसावळ.

मी थांबलो होतो इथे. कागद तसाच ठेवून बाहेर जाऊन आलो.

ते माझं कॉलेजचं दुसरं वर्ष. वडिलांनी गावाकडून निरोप पाठवला होता— पुढच्या वर्षी जमणार नाही, परत ये आणि रंधा धर. ते रागाने म्हणाले नव्हते. त्यांच्याने होत नव्हतं. कॉलेजात मला सांगितलं गेलं, विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर फी माफ होईल आणि वसतिगृहात जागाही राहील. आणि हिवाळ्यात भुसावळला जी स्पर्धा होती, तिच्या शेवटच्या सामन्याला विद्यापीठाचे निवड करणारे गृहस्थ येऊन बसणार होते. म्हणजे माझं शिकणं त्या एका दुपारवर होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तुम्हाला सगळं कळावं म्हणून सांगतो.

आम्ही शेठच्या ट्रकमधून गेलो. रुईचा ट्रक, खाली रिकामी पोती अंथरलेली. पारोळा, एरंडोल, जळगाव असं थांबत थांबत. सगळ्यांच्या केसांत रुईचे पुंजके. सुपडूभाऊ मागच्या फळीला टेकून बसला होता आणि एका जागी ट्रक थांबवून त्याने ओकून घेतलं. गाडी लागली म्हणून मुलं हसली. मीही हसलो.

समोरचा संघ भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या मुलांचा. ती मुलं लहानपणापासून हॉकीच खेळत वाढलेली. त्यांचा लेफ्ट हाफ माझ्यासमोर होता. डेरिक त्याचं नाव. इंजीन ड्रायव्हरचा मुलगा, माझ्याच वयाचा. त्यालाही वडिलांसारखं इंजिनावर जायचं होतं— हे मला नंतर कळलं. उंच, सडसडीत, आणि त्याच्या पायात घाई म्हणून नव्हती.

त्याने माझ्याकडून चेंडू काढून घेतला. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. मी डावीकडून गेलो, तो तिथे होता. उजवीकडून गेलो, तिथेही. काठीला काठी लागायची नाही, अंगाला अंग लागायचं नाही. फक्त माझ्या काठीखाली चेंडू नसायचा. एकदा माझा पाय अडखळून मी आपला आपणच पडलो, तर त्याने हात देऊन उठवलं आणि म्हणाला, "सॉरी, मॅन."

लोक हसले. मैदानाबाहेर निंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या, तिथे ते निवड करणारे गृहस्थ बसले होते. त्यांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं. मला वाटलं डेरिकचं नाव विचारलं असणार. माझं कशाला विचारतील?

मध्यंतरात त्याच्या आईने सगळ्यांसाठी कापलेल्या मोसंबीची परात आणली होती. आमच्यासाठीही. डेरिकने स्वतः मला फोड आणून दिली. म्हणाला, "तुम अच्छा खेलता है. लेकिन तुम खाली बॉल को देखता है, मेरे को नहीं देखता. मेरे को देखो, तो मालूम पडेगा मैं किधर जाता." मोसंबी माझ्या हातात तशीच राहिली. त्याने ते मनापासून सांगितलं होतं. आज मला ते पक्कं माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं— इथेच तर सगळं आहे. मला ते तेव्हाही माहीत होतं.

एखाद्याने शिवी दिली असती तर मी ती विसरलो असतो.

दुसरा डाव सुरू झाला आणि पहिल्याच चढाईत त्याने पुन्हा चेंडू घेतला. मी थांबलो. चेंडू आमच्या गोलकडे गेला होता, सगळ्यांची तोंडं तिकडे. मी खाली वाकलो.

आणि डावा मोजा घोट्यापर्यंत ओढला.

त्याने मला मारलं नव्हतं. काठीने नाही, कोपराने नाही, शब्दाने नाही. माझ्या अंगावर त्या दिवशी एक ओरखडा नव्हता.

खेळ थांबला तेव्हा सुपडूभाऊ नेहमीसारखा जवळून गेला. त्याने माझ्या पायाकडे पाहिलं. मग, मला वाटतं, तो जरा घोटाळला. कारण डेरिकचा खेळ त्यालाही दिसत होता. तो आणखी एक पाऊल जवळ आला.

"मारं का त्यानी तुले? हाऊ पोऱ्या तसा दिसत नही रे."

त्याने मला संधी दिली होती. नेहमीपेक्षा जास्त दिली होती. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मान हलवली.

"बरं," तो म्हणाला.

थोड्याच वेळात डेरिक चढाईबरोबर आमच्या हद्दीत आला. सुपडूभाऊकडे चेंडू होता. त्याने काठी मागे नेली. आमच्याकडे चेंडू हाताने थांबवायला मुभा होती, आणि डेरिक चेंडू येतोय असं पाहून तो थांबवायला खाली वाकला. चेंडू मांडीच्या उंचीवरच आला. मांडी तिथे नव्हती. तोंड होतं.

आवाज मी सांगणार नाही.

त्याची आई खुर्चीवरून उठली आणि तिच्या मांडीवरची परात खाली पडली. डेरिकने दोन्ही हात तोंडावर धरले होते आणि तो गुडघ्यांवर बसून होता, ओरडत नव्हता. त्याच्या मित्रांनी त्याला उचललं आणि रेल्वेच्या दवाखान्याकडे नेलं. सुपडूभाऊने काठी जमिनीवर ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं; तो आपला आपणच रेषेबाहेर जाऊन बसला. अंपायरला तो अपघात वाटला. खेळ पुढे सुरू झाला.

आमच्या स्पर्धांत बदली खेळाडू घ्यायची पद्धत नव्हती. माझ्यासमोरची जागा रिकामी होती.

मी दोन गोल केले.

हे लिहायला सगळ्यात जड जातंय— डेरिकचं लिहिताना गेलं त्याहून. कारण मला आनंद झाला होता. चेंडू पुन्हा माझ्या काठीला चिकटला होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी वडिलांना काय निरोप पाठवायचा ते पळता पळता ठरवत होतो. दुसऱ्या गोलनंतर निवड करणाऱ्या गृहस्थांनी मला हाताने बोलावलं. मी त्यांच्याकडे निघालो, मध्येच वाकलो, आणि मोजा गुडघ्यापर्यंत नीट वर ओढला. मोठ्या माणसासमोर नीटनेटकं दिसावं म्हणून? अनेक दिवस मी स्वतःला हेच सांगितलं. पण असं असतं तर मी दोन्ही मोजे सारखे केले असते. उजवा घसरलेला होता, त्याला मी हात लावला नाही.

सामना संपल्यावर कॉलनीतली माणसं चिडून आली. हा माणूस मारायलाच ठेवलेला आहे, सगळ्यांना माहीत आहे, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं. स्पर्धेच्या समितीतले एक वयस्क गृहस्थ व्हरांड्यात बसले आणि त्यांनी सुपडूभाऊला बोलावलं. आम्ही सगळे कठड्याला लागून उभे.

"मुद्दाम मारलं का?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब," सुपडूभाऊ म्हणाला. तो त्यांच्यासमोर शहरातल्यासारखं बोलायचा प्रयत्न करत होता. "मांडीवर मारलं होतं. तो वाकला. त्याने आमच्या पोराले मारलं होतं पहिले."

"कोणत्या पोराला?"

त्याने माझ्याकडे बोट केलं नाही. नुसतं पाहिलं. "सांग ना भो," तो म्हणाला. अगदी सहज— वेळ काय झाली ते सांग, तसं.

गृहस्थ माझ्याकडे वळले. "त्या मुलाने तुला मारलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

हे खरं होतं. त्या दिवशी मी बोललेलं एकमेव खरं वाक्य, आणि ते मी त्याच्याविरुद्ध वापरलं.

"मग तू याला काही सांगितलं होतंस? काही खूण वगैरे?"

निवड करणारे गृहस्थ दारात उभे होते. शेठ त्यांच्या बाजूला. माझं नाव लिहून घेतलेला कागद त्यांच्या खिशात होता.

"नाही. मी काहीच सांगितलं नाही."

सुपडूभाऊने माझ्या पायाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी कदाचित बोललो असतो— कुणास ठाऊक, बहुतेक नाही. राग आलाच नाही. आपण काहीतरी मोजत होतो आणि मध्येच आकडा विसरलो, असा त्याचा चेहरा झाला.

"मोजा वर करी लिन्हा का रे भो?" त्याने विचारलं.

बाकी कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. समितीचे गृहस्थ म्हणाले, "काय म्हणतो हा?" मी खांदे उडवले.

त्याच्यावर कायमची बंदी घातली, ते त्याने ऐकून घेतलं. ट्रक निघताना तो आला नाही. दवाखान्याकडे चालत जाताना मला दिसला. तिथे त्याला फाटकातून आत सोडलं नाही, हे नंतर ट्रकच्या ड्रायव्हरने सांगितलं. ट्रकमध्ये पेढे होते. मी दोन खाल्ले.

डेरिकचा डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला इंजिनावर घेत नाहीत. मेडिकललाच अडतं.

शेठने सुपडूभाऊला जिनमधूनही काढलं. गुंड पाळलेत असं गावात बोलणं नको. मला बोलावून घेतलं आणि गादीवर बसवून विचारलं, "तू सांग बेटा. मार असं मी त्याला कधी तोंडाने बोललो का?" तोंडाने ते खरंच कधी बोलले नव्हते. "नाही शेठ," मी म्हणालो. बाहेर सुपडूभाऊ पायऱ्यांवर बसला होता. त्याच्यासमोरूनच जावं लागणार होतं म्हणून मी सरकीच्या गोदामातून, मागच्या दाराने गेलो.

वहिनी एकदा वसतिगृहाच्या दारात आली. आत यायला संकोचत होती. "काय व्हयनं व्हतं रे भो तठे?" तिने विचारलं. "हाऊ काहीच सांगत नही. नुसता बसेल ऱ्हास." मी म्हणालो, मलाही नीट माहीत नाही वहिनी, अपघात झाला. ती म्हणाली, "तू व्हता ना तठे." मी म्हणालो, माझी परीक्षा आहे. तिने पदराखालून बट्ट्यांचं फडकं काढलं, माझ्या हातात दिलं आणि गेली.

विद्यापीठाच्या संघाबरोबर जाताना एकदा भुसावळला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावर डेरिक होता. चहाच्या कपांची ताटं उचलणाऱ्या माणसांबरोबर, पांढऱ्या कोटात. डबे बघत बघत येत होता, आणि डावीकडचं बघायला त्याला सगळी मान वळवावी लागत होती. माझ्या डब्यात हॉकीच्या काठ्या फळीवर ठेवलेल्या. तो त्या पाहून खिडकीशी थांबला. मी बाकाखाली काहीतरी पडलंय असं करून वाकलो आणि गाडी हलेपर्यंत वर आलो नाही. "किधर खेलने जाता, मॅन?" असं तो कुणाला तरी विचारत होता. आवाज तोच होता.

मी खेळणं त्याच वर्षी सोडलं. पण तोवर फी माफ झाली होती, आणि पुढे मार्कांवर निभावलं. म्हणजे सोडायलाही मला काही पडलं नाही.

आता शेवटचं. परवा मी गावाहून परतताना धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर बसची वाट बघत होतो. एकाने खांद्यावर हात ठेवला. वहिनीचा भाऊ. मी त्याला त्यांच्या घरी एक-दोनदा पाहिलं होतं.

"तू कॉलेज ना?" तो म्हणाला. सुपडूभाऊकडून ऐकलेलं माझं नाव त्याला तेवढंच माहीत होतं.

मी विचारलं, भाऊ कसे आहेत. विचारावं लागलं.

"भाऊ गया ना," तो म्हणाला. "तुले नही माहीत?"

मग त्याने सांगितलं. जिनमधून काढल्यावर धुळ्यात त्याला कुणी हमालीवर ठेवेना. पण 'फाटक' हे नाव सगळीकडे झालं होतं. सातपुड्याच्या पायथ्याकडे एक ठेकेदार लाकूड तोडायचं काम घ्यायचा, तो त्याला घेऊन गेला. काम एकच— ठेकेदाराच्या मागे उभं राहायचं. कुणी मजुरीवरून जास्त बोललं की पुढे यायचं. गेल्या होळीच्या आधीच्या बाजारात ठेकेदाराने एका माणसाकडे बोट दाखवलं, म्हणाला याने मला शिवी दिली. सुपडूभाऊने त्याला मारलं. तो माणूस मीठ घ्यायला आलेला होता. ठेकेदाराला त्याने कधी पाहिलेलंही नव्हतं. त्याच्या पाड्यावरची माणसं बाजारातच होती, ती धावून आली. ठेकेदार जीपमधून निघून गेला. सुपडूभाऊ पळाला नाही. हातातलं लाकूड त्याने खाली ठेवलं आणि तिथेच बसला.

"बहीन मन्हाकडेच शे आते," तो म्हणाला. माझी बस लागली होती. कंडक्टर घाई करत होता. मी पिशवी उचलली, आणि का ते माहीत नाही, विचारलं— भाऊने त्याला आधी काही विचारलं नाही का?

तो माझ्याकडे बघत राहिला. हे मला कसं माहीत, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं.

"पहिले इचारे तो," तो म्हणाला. "सगळास्ले इचारे. भुसावळथून उना, तधयपासून इचारनं सोडी दिन्हं व्हतं त्यानी."